प्रोसेसर बदलला आणि निम्मी रॅम गायब झाली

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो आणि घरूनच फौंड्रीवाल्यांसाठी पॅटर्नची, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्याची, थ्रीडी मॉडेल्स करतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, जिथून काम येईल तिथलं. पंपाचं केसिंग, व्हॉल्व्हची बॉडी, गिअरबॉक्सचं कव्हर असल्या गोष्टी. मोठी असेंब्ली उघडली की वीस-बावीस जीबी रॅम सहज खाते, म्हणून माझ्या पीसीत 8 जीबीच्या चार स्टिक आहेत. एकूण 32 जीबी.

पीसी 2019 मध्ये जुळवलेला. बी450 चा मदरबोर्ड आणि एएमडीचा रायझन 5 2600 प्रोसेसर. गेल्या पावसाळ्यात ठरवलं की बोर्ड तोच ठेवायचा आणि फक्त प्रोसेसर बदलून रायझन 7 5700एक्स बसवायचा. सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, एकच, एएम4. असं करता येतं ही या बोर्डाची मोठी जमेची बाजू आहे. फक्त जुना प्रोसेसर बसलेला असतानाच आधी बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्यावं लागतं, नाहीतर बोर्ड नव्याला ओळखतच नाही. पेनड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट करून फाइल टाकली. जुलैचा पाऊस, लाईटचा भरवसा नाही, म्हणून पीसी इन्व्हर्टरवर घेतला आणि मगच अपडेट लावला. ते काम सुरळीत झालं.

कूलर काढताना मात्र जपावं लागतं. एएम4 मध्ये पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नाही. थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर लिव्हर बंद असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर येतो. मी अर्धा तास एक जड मॉडेल चालवून प्रोसेसर तापवला, मग बंद करून कूलर हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवला. नव्या प्रोसेसरबरोबर कूलर येत नाही, म्हणून वेगळा टॉवर कूलर आणला होता. तो दोन स्प्रिंगच्या स्क्रूंवर बसतो.

चालू केलं. दोन-तीन मिनिटं स्क्रीन काळाच. इथं घाबरून पॉवर बटण दाबू नये, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. मग संदेश आला: नवीन सीपीयू बसलाय, एफटीपीएम रिसेट करायचं का? एफटीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग. ज्यांनी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, लावलंय त्यांनी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय याला हो म्हणू नये. माझ्याकडे बिटलॉकर नव्हतं, मी वाय दाबलं. विंडोजचा पिन तेवढा नव्यानं घालावा लागला.

आणि मग सिस्टीमच्या माहितीत ती ओळ दिसली: 32 जीबी, त्यातली वापरता येणारी 15.9 जीबी. टास्क मॅनेजरमध्ये निम्मी मेमरी ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’. पोटात गोळा आला. सोमवारी एका केसिंगचं मॉडेल द्यायचं होतं.

आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन मॅक्सिमम मेमरीची, म्हणजे रॅमवर मर्यादा घालणारी, खूण तपासली. खूण नव्हतीच. मग हार्डवेअरची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड चालवलं. चारही स्टिक दिसत होत्या, कंपनीच्या नावासकट, पण चॅनल ‘सिंगल’. चॅनल म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता; या बोर्डावर ए आणि बी असे दोन असतात. याचा अर्थ मला नंतर कळला. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची बारकी चिप असते, तिच्यात स्टिकची माहिती लिहिलेली असते आणि ती वेगळ्याच तारेवरून वाचली जाते. म्हणजे नाव दिसतं याचा अर्थ डेटाच्या तारा जोडल्या गेल्यात असा होत नाही.

जवळच्या एका दुकानात गेलो. त्यांनी पीसी न बघताच सांगितलं, “दोन स्टिक गेल्यात, नवीन घाला.” काल रात्रीपर्यंत धडधाकट चाललेल्या दोन स्टिक प्रोसेसर बदलण्याच्या तासाभरात एकदम कशा मरतील, हे मला पटेना. पैसे खिशातच ठेवून घरी आलो आणि वही घेऊन बसलो. एका वेळी एकच बदल करायचा आणि लिहायचा, असं ठरवलं.

एक स्टिक ए2 मध्ये लावली, म्हणजे प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत. चालू. दुसरी, तिसरी, चौथी, चारही तिथं चालल्या. मग तीच स्टिक बी2 मध्ये, चौथ्या खाचेत. बोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमची अडचण सांगणारा, लाल दिवा लागला आणि स्क्रीन काळी. चारही स्टिकचं तसंच. म्हणजे रॅम निर्दोष होती, बी चॅनलच मेलेला होता.

रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर बोर्डावर नसतो, प्रोसेसरच्या आत असतो. एएमडीनं तो 2003 पासून आत घेतला, इंटेलनं 2008 पासून. म्हणून प्रोसेसर बदलल्यावर रॅम रुसली तर संशय आधी प्रोसेसरवर, त्याच्या पिनांवर आणि तो कसा बसलाय यावर घ्यायचा.

जुना प्रोसेसर जुन्या कूलरसह परत बसवला. 32 जीबी, ड्युअल चॅनल. बोर्डही संशयातून सुटला. उरला नवा प्रोसेसर. माझा मेहुणा गुजरीत सोनारकाम करतो, त्याचं डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं. एएम4 ला 1331 पिना असतात. टेबल लॅम्प तिरका धरून एकेक ओळ चारही बाजूंनी पाहिली. वाकडी पिन असती तर तिची सावली ओळीतून बाहेर पडली असती. एकही वाकडी नव्हती, कुठं पेस्टचा थेंबही नव्हता. नवा प्रोसेसर पुन्हा बसवला, पुन्हा 15.9. आता तो परत पाठवायचा, एवढंच उरलं असं वाटलं.

शेवटचं म्हणून तिसऱ्यांदा बसवत होतो तेव्हा शेजारचे मामा दारात उभे होते. उद्यमनगरात फिटर म्हणून त्यांची हयात गेली. मी कूलरचा डावीकडचा स्क्रू शेवटपर्यंत आवळला, मग उजवीकडं स्क्रूड्रायव्हर नेला, तर ते म्हणाले, “आरं पोरा, फ्लँजचं बोल्ट असं आवळत्यात व्हय? एक बाजू दाबलीस तर दुसरी उचलंल की. दोन पेच हिकडं, दोन पेच तिकडं.”

मी हात थांबवला. दोन्ही स्क्रू सैल केले. मग दोन फेरे डावीकडं, दोन उजवीकडं, असं आलटून पालटून नेलं आणि स्क्रू आपोआप थांबले तिथंच सोडलं, वर जोर लावला नाही. मामा खुर्ची ओढून बसले. चालू केलं, काळी स्क्रीन, दोघंही गप्प. मग बायोसमध्ये आकडा आला: 32 जीबी, ड्युअल चॅनल.

मी मामांच्या पायाच पडलो. दुसऱ्यांदा बसवतानाही मी स्क्रू तसेच एकांगी आवळले होते आणि तेव्हाही चॅनल गेलाच होता, त्यामुळे नुसतं काढून घातल्यानं ते जमलं असं मला वाटत नाही. दाब एकीकडं पडला की प्रोसेसर सॉकेटमध्ये केसभर तिरका होतो आणि काही पिनांचा संपर्क सुटतो. डोळ्याला ते दिसत नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. रॅम 2133 च्या वेगावर चालत होती. स्टिकवर 3200 लिहिलंय, पण जुन्या प्रोसेसरवर मी एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगानं चालवणारं बायोसमधलं सेटिंग, कधी लावलंच नव्हतं, म्हणून आता लावलं. विंडोज उघडलं, पण मॉडेल फिरवताना निळी स्क्रीन. रॅम तपासणारं मेमटेस्ट86 पेनड्राइव्हवर घालून रात्रभर लावलं. सकाळी लाल ओळी. पहिल्या दोन स्टिक ठेवून तपासलं तर चारही फेऱ्या स्वच्छ. नंतर घेतलेल्या दोन वेगळ्या कंपनीच्या होत्या, त्याही एकट्या स्वच्छ. चार मिळून 3200 वर तेवढं झेपत नव्हतं. एएमडीच 5000 मालिकेसाठी 3200 चा शब्द दोन स्टिकला देते. सिंगल रँकच्या, म्हणजे चिपांचा एकच गट असलेल्या, चार असतील तर 2933, ड्युअल रँकच्या, म्हणजे दोन गटांच्या, चार असतील तर 2667. माझ्या सिंगल रँकच्या आहेत. वेग हातानं 2933 केला, व्होल्टेज 1.35 ठेवलं. पुन्हा रात्रभर टेस्ट. शून्य चुका.

या टेस्टवर मी दोन रात्री घालवल्या, कारण माझ्या कामात चुकलेली रॅम नुसती अडत नाही, ती खोटा आकडा फाइलमध्ये लिहून ठेवू शकते. बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) कास्टिंगला आकुंचनासाठी साधारण 1 टक्का, म्हणजे मीटरला 10 मिलिमीटर वाढीव माप द्यावं लागतं. त्यातला एक अंक बदलला तर पॅटर्न, साचा आणि ओतलेला माल सगळा भंगारात. म्हणून त्या निळ्या स्क्रीनच्या दिवशी सेव्ह केलेल्या तिन्ही फाइल्स मी टाकून दिल्या आणि आदल्या दिवशीच्या बॅकअपवरून काम पुन्हा केलं.

केसिंगचं मॉडेल सोमवारऐवजी बुधवारी गेलं. फौंड्रीच्या मालकांना फोन करून खरं कारण सांगितलं, त्यांनी समजून घेतलं. पूर्वी उघडायला चहा होईपर्यंत वेळ घेणारी ती असेंब्ली आता मी खुर्चीत नीट बसेपर्यंत समोर येते. जुना 2600 मेहुण्याच्या पोराला दिला. तो बसवायला मामांना बरोबर घेऊन गेलो होतो.