अंगकोर वाटच्या पलीकडचा कंबोडिया : आमचा प्लॅन पाण्यावरून ठरला

कंबोडिया म्हटलं की सगळ्यांचं ठरलेलं असतं, सिएम रीपला उतरायचं, दोन-तीन दिवस देवळं बघायची आणि पुढे व्हिएतनामला पळायचं. अंगकोर वाट बघायलाच हवं, त्यात वादच नाही, पण तेवढ्यावर परत येणं मला पटत नव्हतं, म्हणून प्लॅन करायला बसले तेव्हा देवळांची यादी बाजूला ठेवून आधी तोन्ले साप तलाव नकाशावर नीट बघितला.

हा तलाव समजला की अर्धा देश समजतो असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात मेकाँग नदीला इतकं पाणी येतं की ते तलावातून मेकाँगकडे येणाऱ्या तोन्ले साप नदीत घुसतं आणि ती नदी चक्क उलटी वाहायला लागते, सगळं पाणी तलावात जातं आणि उन्हाळ्यात अडीच-तीन हजार चौरस किलोमीटर असणारा तलाव दहा हजारांच्याही वर पसरतो. आजूबाजूची जंगलं पाण्याखाली जातात, त्यात मासे वाढतात आणि पाऊस संपला की नदी परत सरळ होते. म्हणजे कुठल्या महिन्यात जाताय त्यावर तुम्हाला काय दिसणार ते ठरतं. आम्ही नोव्हेंबर घेतला, पाऊस सरलेला आणि तलाव अजून भरलेला.

नोव्हेंबरचं अजून एक कारण म्हणजे बोन ओम तुक, त्यांचा जलोत्सव. आपली त्रिपुरी पौर्णिमा असते ना, त्याच पौर्णिमेला. नॉम पेन्हमध्ये राजवाड्यासमोर नदीवर लांबलचक होड्यांच्या शर्यती, एकेका होडीत कितीतरी वल्हेकरी, गावोगावची माणसं आपापल्या होडीला ओरडून चेतवतायत, आणि रात्री दिव्यांनी सजवलेल्या नावा. या सणाला खायचं काय तर नव्या भाताचे कुटलेले पोहे, केळं आणि नारळासोबत! कोकणातल्या माणसाला तिथे परकं वाटूच शकत नाही. फक्त हॉटेल खूप आधी बुक करा, सगळा देश त्या दिवसांत राजधानीत असतो.

नॉम पेन्हमध्ये तुओल स्लेंग संग्रहालयासाठी पूर्ण सकाळ ठेवा आणि त्यानंतर शॉपिंग वगैरे काही ठेवू नका. ही आधी शाळा होती, ख्मेर रूज म्हणजे पोल पॉटच्या जुलमी कम्युनिस्ट राजवटीत, 1975 ते 79 मध्ये तिचा तुरुंग झाला, हजारो माणसं इथे आणली गेली आणि जिवंत सुटली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वर्गांच्या भिंतींवर कैद्यांचे फोटो आहेत, त्यात लहान मुलंही आहेत. ऑडिओ गाइड घ्याच. हे बघितल्याशिवाय आजचा कंबोडिया कळत नाही, रस्त्यावर भेटणाऱ्या साठीच्या माणसाने लहानपणी काय सोसलं असेल हे सारखं मनात येत राहतं.

तिथून बाट्टंबांग. इथे फारे पोन्लु सेल्पाक नावाची कलाशाळा आहे, निर्वासित छावणीतून परतलेल्या तरुणांनी 1994 मध्ये सुरू केलेली. गरीब घरची मुलं इथे चित्रकला, संगीत आणि सर्कस शिकतात. बाट्टंबांगला शो नसला तर सिएम रीपला त्यांचीच सर्कस असते, प्राणी नाहीत, फक्त माणसं आणि गोष्ट. देवळं बघून पाय कितीही दुखत असले तरी ती संध्याकाळ सोडू नका.

बाट्टंबांग ते सिएम रीप बसने पटकन होतं, तरी आम्ही बोट घेतली आणि तो सगळ्यात चांगला निर्णय होता. सांगकेर नदीतून दिवसभर जायचं, बाकडी कडक, इंजिनाचा आवाज कानात बसतो, पण दोन्ही बाजूला तरंगती घरं, तरंगतं दुकान, शाळेच्या गणवेशात स्वतः होडी वल्हवत निघालेली मुलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ही बोट रखडते किंवा बंदच असते, म्हणून महिना बघून ठरवा.

अंगकोरलासुद्धा मी पश्चिम बारायवर एक दुपार ठेवली होती. अकराव्या शतकातला आठ किलोमीटर लांबीचा मानवनिर्मित जलाशय, अजून पाणी धरून आहे. टुरिस्ट कमी, स्थानिक कुटुंबं जेवणाचे डबे घेऊन आलेली. एवढी देवळं बांधणाऱ्या राजांनी पाण्याचा किती विचार केला होता ते इथे दिसतं.

आता कामाचं. आपल्याला व्हिसा लागतो, ई-व्हिसा मिळतो. डॉलर सगळीकडे चालतात पण नोट जराशी फाटलेली असली तरी घेत नाहीत, सुटे रिएलमध्ये म्हणजे तिथल्या चलनात मिळतात, डॉलरला साधारण चार हजार. शाकाहारी असाल तर प्राहोक म्हणजे आंबवलेल्या माशांची पेस्ट आणि फिश सॉस दोन्ही नको असं आधीच सांगा, नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. आणि 2025 च्या कंबोडिया-थायलंड लढाईनंतर थायलंडची जमिनीवरची सीमा बंद झाली, त्यामुळे बँकॉकहून बसने येण्याचा जुना सल्ला वाचून तिकिटं काढू नका, ताजी परिस्थिती बघा.

मेकाँगकाठच्या क्राटीचे इरावडी डॉल्फिन मात्र मी मुद्दाम या प्लॅनमध्ये घेतले नाहीत. मेकाँगच्या त्या भागात ते शंभरच्या आसपास उरलेत आणि पाणी उतरल्यावर खोल डोहांत गोळा होतात तेव्हाच नीट दिसतात. ज्यांना सुट्टी फेब्रुवारी-मार्चमध्येच मिळते त्यांनी बाट्टंबांगची बोट सोडून सरळ क्राटी गाठावं.