आरंभीची शिल्लक

‘मामा, डिजिटलराइट लिहायचं नाही. थेट रजिस्टरला हात घालायचा.’ भाच्याची एवढी एकच अट. डिजिटलराइट म्हणजे पिन चालू-बंद करायची आर्डुइनोची तयार आज्ञा; रजिस्टर म्हणजे चिपमधला बिटांचा कप्पा, ज्यातले ०-१ पिना चालवतात. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला, मी एका ऑफिसात हिशेब लिहिणारा. लॅमिंग्टन रोडवरून आर्डुइनो उनो (प्रोग्राम घालून चालवायचं छोटं बोर्ड), ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचायची पाटी), एलईडी आणि चार पुश बटणं घेतली, ग्रँट रोडला स्लो लोकल पकडली आणि त्याच रात्री भांडुपच्या घरी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला.

पहिला एलईडी दहा मिनिटांत लागला. बोर्डावरची १३ नंबरची पिन म्हणजे एटीमेगा३२८पी चिपच्या बी पोर्टाचा ५ नंबरचा बिट. डीडीआरबी या रजिस्टरात तो १ केला की पिन आउटपुट होते, पोर्टबी या रजिस्टरात १ केला की तिथे पाच व्होल्ट येतात. म्हटलं, उगाच घाबरत होतो.

मग ८ नंबरच्या पिनेला बटण जोडलं. दाबल्यावर एलईडी लागला खरा, पण नंतर न दाबताच लुकलुकायला लागला. वायरीजवळ नुसता हात नेला तरी फडफडायचा. बायको म्हणाली, ‘अंगात आलंय त्याच्या.’ बटण बदललं, वायरी बदलल्या, दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. ही पिन त्याच बी पोर्टाचा ० नंबरचा बिट. इनपुट पिनेचा पोर्टबीतला बिट १ असला की चिपमधला २० ते ५० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे बटण न दाबता पिन १ वर धरून ठेवणारा रेझिस्टर, जोडला जातो. मी मात्र एलईडी लावताना बिनदिक्कत ‘=’ लिहीत होतो, म्हणजे आठही बिट नव्याने. पाचवा १, बाकी सगळे ०, पुल-अपसकट. जिन्यातला दिवा लावायला जाऊन अख्ख्या मजल्याचे फ्यूज काढावेत तसं. लावताना ‘|=’ (तेवढाच बिट १) आणि विझवताना ‘&= ~’ (तेवढाच बिट ०) लिहिलं, तेव्हा बटण शहाण्यासारखं वागायला लागलं.

मग काय, जिथे तिथे ‘|=’. चिपमधल्या टायमरने, म्हणजे घड्याळाचे टिक मोजणाऱ्या भागाने, तेच माझ्यावर उलटवलं.

एलईडी दर सेकंदाला उघडमीट करायचा होता. चिपचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, १०२४ने भागलं की सेकंदाला १५,६२५ टिक. मोजणी शून्यापासून, म्हणून ओसीआर१एमध्ये, म्हणजे कुठवर मोजायचं त्या रजिस्टरात, १५,६२४. हिशेब माझ्या हातचा मळ. टायमर कसा चालायचा ते ठरवणाऱ्या टीसीसीआर१बी रजिस्टरात ‘|=’ने बिट टाकले. एलईडी ढिम्म. दोन रात्री गेल्या. शेवटी ते रजिस्टरच सीरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) छापून बघितलं. हवं होतं ११०१, दिसलं ११११.

आर्डुइनो आपला सेटअप चालू व्हायच्या आधीच हा टायमर पीडब्ल्यूएमसाठी (पिन झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करायच्या रीतीसाठी), ६४ने भागून, लावून ठेवतो. त्याचे बिट तसेच राहिले, वर माझे पडले. शेवटचे तीन बिट १११ झाले की टायमर ५ नंबरच्या पिनेवरच्या बाहेरच्या घड्याळाची वाट बघतो. तिथे काही जोडलेलंच नव्हतं! आणि आरंभीची शिल्लक बघितल्याशिवाय ऑफिसात मी एक नोंद करत नाही.

जोडीच्या टीसीसीआर१ए रजिस्टरातही असाच एक १ बसला होता. तो साधा ‘=’ लिहून शून्य केला, टीसीसीआर१बीत सरळ १३ (म्हणजेच ११०१) भरले. (फ्लॅग म्हणजे मोजणी पूर्ण झाल्याची खूण करणारा बिट; तो पुसायला त्यात ० नाही, १ लिहायचा, हे कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे.) साडेअकराला एलईडी भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याबरोबर चालायला लागला. व्हिडिओ काढून भाच्याला पाठवला.

‘मस्त, मामा. आता फ्लॅग बघत बसू नकोस, टायमरलाच हाक मारू दे, हेच इंटरप्टने कर.’