विजेची मोटरसायकल घेऊ का?

तीन वर्षे विजेवर चालणारी मोटरसायकल वापरत असल्यामुळे सिग्नलला शेजारी उभा राहिलेला अनोळखी माणूससुद्धा मला काच खाली करून विचारतो, की ही गाडी पेट्रोलच्या गाडीची जागा खरोखर घेऊ शकते का. सिग्नल साठ सेकंदांचा असतो, म्हणून मी "शहरात हो" एवढेच सांगून निघतो. तुम्हीही "विजेची मोटरसायकल घेऊ का" असे विचारलेत म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

मी पुण्यात धायरीला राहतो आणि कामाला भोसरीला जातो. जाऊन-येऊन रोजचे सुमारे 52 किलोमीटर होतात. जुनी 150 सीसीची गाडी या रहदारीत लिटरला पन्नासच्या आसपास देत असे, म्हणजे रोजचे शंभराहून अधिक रुपये पेट्रोलमध्ये जात. आताच्या गाडीची बॅटरी पूर्ण भरायला साधारण पावणेचार युनिट लागतात आणि तेवढ्यात माझे 85 ते 90 किलोमीटर होतात. माझे युनिट सगळे आकार धरून बारा-तेरा रुपयांना पडते, तेव्हा रोजचा खर्च तीस रुपयांच्या आत येतो. इंजिन ऑइल, क्लच केबल, कार्ब्युरेटर यांची नावे मी जवळजवळ विसरलो आहे. महिन्याला दोन हजारांच्या आसपास वाचतात, याबद्दल मला काहीही वाद घालायचा नाही.

वाद आहे तो बॅटरीत किती मावते याचा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते, आणि माझ्या अख्ख्या बॅटरीत सव्वातीन युनिट (भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवर पावणेचार पडतात). मोटर त्यातली बरीचशी चाकापर्यंत पोहोचवते, तर इंजिन जेमतेम पाव भाग पोहोचवून बाकीची उष्णता म्हणून हवेत सोडते. म्हणून तर विजेची गाडी एवढ्या थोड्या शिदोरीवर चालू शकते. पण बारा लिटरची टाकी भरून सहाशे किलोमीटर निघून जाण्याची सवय असलेल्या माणसाला हे गणित हायवेवर लागल्यावरच कळते. ताशी 40 च्या वेगात हवेचा जो अडथळा असतो तो 70 ला तिप्पट होतो, त्यामुळे कागदावर दीडशे किलोमीटर लिहिलेली गाडी सातारा रस्त्यावर वेगळीच भाषा बोलू लागते.

एकदा हट्टाने पाचगणीला गेलो होतो. पहाटे शंभर टक्क्यांवर निघालो, पन्नासच्या वर वेग जाऊ दिला नाही, ट्रकवाल्यांचे हॉर्न ऐकत खंबाटकी घाट चढलो आणि सुरूर फाट्यावरून वळून वाईत पोहोचलो तेव्हा आकडा 9 टक्के दाखवत होता. मेव्हण्यांच्या ओसरीत प्लग लावला. गप्पा झाल्या, जेवण झाले, माझी झोपही झाली, तरी चार्जिंग 61 च्या पुढे गेले नव्हते, कारण तिथली वीज मध्ये तासभर गेली होती. पसरणीचा घाट जेमतेम बारा किलोमीटरचा, पण चढ पावणेसहाशे मीटरच्या आसपास. वर पोहोचलो तेव्हा 43 उरले होते. सपाटीवर बारा किलोमीटरला तेरा-चौदा टक्के जातात. उतरताना ब्रेक लावला की मोटरच वीज बनवते, तशी थोडी वीज परत मिळाली, मात्र ती प्रसादाच्या साखरेएवढीच. आपली गाडी बिघडली नव्हती, तिने कुठे दगाही दिला नव्हता. फक्त त्या दिवसाचे वेळापत्रक माझे न राहता तिचे झाले होते.

इथे माझे खरे म्हणणे येते. आपल्याकडे विजेच्या दुचाकींमध्ये स्कूटरच जास्त दिसतात, मोटरसायकली त्या मानाने फारच कमी. रिव्होल्टची आरव्ही 400 ही 2019 मध्ये आली, पुण्याच्याच टॉर्कची क्रॅटोस 2022 च्या जानेवारीत आली, तरी हे चित्र फारसे बदलले नाही. कारण स्कूटर घेणारा बहुधा गल्ली-बाजार-ऑफिस एवढ्यापुरती घेतो. मोटरसायकल घेणारा ती गावाला जाण्यासाठी, दुधाचे कॅन लटकवून कच्च्या रस्त्याने डेअरी गाठण्यासाठी, दिवसभर फिरतीच्या नोकरीसाठी घेतो. म्हणजे ज्या कामांसाठी मोटरसायकल हवी असते, नेमकी तिथेच बॅटरी सर्वांत उणी पडते. मोठी बॅटरी हा त्यावर उपाय आहे, आणि 2022 च्या अखेरीस आलेल्या अल्ट्राव्हायोलेटच्या एफ77 ला 10.3 युनिटची बॅटरी मिळतेही, पण तिची किंमत पाहून कॅनवाला नमस्कार करून पुढे जाईल.

दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत, तो मी विचारतो: रात्री गाडी कुठे उभी राहते? स्वतःच्या मीटरवरून पार्किंगमध्ये लाइन ओढायला आमच्या सोसायटीने चार महिने लावले. तोवर मी 18-19 किलोची बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर नेत होतो. लिफ्ट बंद असलेल्या दिवशी दुसऱ्या जिन्यावर ती कठड्याला टेकवून दम खाताना शेजारच्या आजी दर वेळी "अजून बसवला नाही का प्लग?" असे विचारत. तिसरी गोष्ट सर्व्हिसची. एकदा मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर बिघडला तेव्हा सुटा भाग यायला एकोणीस दिवस लागले, आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक, जो माझी जुनी गाडी डोळे मिटून उघडायचा, झाकणाकडे पाहून हात वर करून मोकळा झाला. शिवाय विजेच्या दुचाकींवरची सरकारी सबसिडी पूर्वीइतकी राहिलेली नाही. 2023 च्या जूनमध्ये केंद्राने ती बरीच कापली, हेही हिशेबात धरावे.

जुनी गाडी मी विकलेली नाही. ती आठवड्यातून एकदा चालू करतो, आणि गावाला जायचे असले की तिचीच किल्ली हातात घेतो.

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलाने हाच प्रश्न केला. तो चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि दर शनिवारी सातारा जिल्ह्यातल्या दहिवडीला आईवडिलांकडे जातो. त्याला मी पेट्रोलचीच घे म्हणालो. त्याच्या बायकोची शाळा मात्र घरापासून सहा किलोमीटरवर आहे. ती विजेची स्कूटर पाहूनही आली आहे, आणि खाली मीटरजवळ प्लग बसवू द्याल का, एवढेच घरमालकांना विचारायचे राहिले आहे.