लेखक परिच्छेद गाळतो तेव्हा

आमच्या ठाण्याच्या वाचक मंडळाचा वार्षिक कार्यक्रम २७ फेब्रुवारीच्या आगेमागे, रविवारी असायचा. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून ती तारीख, आणि परीक्षा तोंडावर आलेल्या म्हणून शाळेचा हॉल मिळायची मारामार. ज्यांच्या पुस्तकावरून वर्षभर आपापसांत भांडलो, अशाच लेखकाला किंवा लेखिकेला बोलवायचं. अट एकच, भाषण नको, वाचून दाखवा. भाषणांची ठाण्याला कधीच ददात नव्हती. १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय काढून बसलेलं गाव हे!

मंडळातल्या ज्येष्ठांनी शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार यांचं कथाकथन मनसोक्त ऐकलेलं. पुस्तकात डोकं घालून वाचणारा लेखक त्यांना मिळमिळीतच वाटायचा. मला मात्र तेच आवडायचं. कथाकथन करणारा श्रोत्यांचे चेहरे बघून गोष्ट ताणतो, आवरतो. छापलेलं वाक्य मात्र आहे तसं म्हणावं लागतं, आणि ते कुठे खटकतंय हे लेखकाच्या आवाजात लगेच कळतं. बरेचसे लेखक वाचतातही वाईटच, घाईघाईने, वाक्याचा शेवट गिळत. असू दे. नटाकडून ऐकायचं तर नाटकाला जावं.

पुढच्या रांगेतल्या काकू मांडीवर आपली प्रत उघडून ओळींवर बोट फिरवत बसायच्या. एकदा एक कथाकार वाचता वाचता अर्धं पान ओलांडून पुढे गेले. हॉलभर पानांची सळसळ. काकू उठल्याच, "सर, आईचा परिच्छेद राहिला." सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. म्हणाले, "तो हल्ली मला रडका वाटतो हो." झालं! पुढचं वाचन बाजूलाच राहिलं. एक जण म्हणाला, कथेचा जीवच तिथे आहे. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, मी तर पहिल्यांदा वाचतानाच तो गाळला होता. शेवटी काकूंनीच तो परिच्छेद वाचला, अगदी सपाट, बातम्या वाचाव्यात तसा. त्यात रडकं काहीच उरलं नाही. सरांनी खिशातून पेन्सिल काढून समासात काहीतरी टिपलं. ते काय होतं, हे विचारायची टाप कुणाची नव्हती.

मग शाल, श्रीफळ, आभार. प्रश्न विचारायला उठून स्वतःची कविता म्हणणारे एक गृहस्थ दरवर्षी असायचेच, त्यांच्यासाठी आम्ही वेळ राखूनच ठेवत असू. वडे येईपर्यंत सह्यांची रांग लागायची. त्यात ग्रंथालयाची प्रत पुढे करणारेही महाभाग. शिक्क्याशेजारी लेखकाची सही पडली की ती प्रत परत करायचं त्यांच्या जिवावर यायचं. "दंड भरतो, पण पुस्तक राहू द्या," म्हणून ग्रंथपालांशी हुज्जत.