मुदत

काल डॉक्टरांनी विचारले, "अण्णांना जाऊन किती दिवस झाले?" आणि उत्तर देताना माझा आवाज हप्ता थकलेल्या कर्जदारासारखा खाली गेला. गेल्या महिन्यात वर्षश्राद्ध झाले, एवढेच मी सांगितले. झोप लागत नाही म्हणून गेले होते. परतले ती ही लाज घेऊन. कशाची लाज, ते रात्रभर विचार करूनही नीट कळले नाही.

डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी सावकाश समजावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेला शोक हा स्वतंत्र विकार मानला आहे. तिथे किमान सहा महिने धरतात, तर अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ प्रौढांसाठी किमान एक वर्ष धरतात. म्हणजे साताऱ्याजवळच्या माहुलीच्या संगमावरचे आमचे गुरुजी आणि अमेरिकेतले तज्ज्ञ यांचे एका वर्षावर एकमत आहे, आणि मीच तेवढी मागे राहिले आहे. सुतक फिटले, वर्ष सरले, वहिनी हळदीकुंकवाला जाऊ लागल्या. धाकट्याने तर अण्णांची खोलीही... ते असो.

मात्र निव्वळ मुदत उलटली म्हणून आजार ठरत नाही, असेही ते म्हणाले. गेलेल्या माणसाची रोज लागणारी तीव्र ओढ, ते गेले हे न पटणे, मन बधिर होणे, आठवण नको म्हणून वाट बदलणे आणि या सगळ्यापायी रोजचे काम अडणे, हे पाहावे लागते. नैराश्यात बहुधा माणसाला स्वतःचीच किंमत वाटेनाशी होते. तसे होते का, असे त्यांनी विचारले. तसे होत नाही. उलट, माझ्याइतके अण्णांसाठी कोणी रडले नाही, असा एक छुपा तोरा माझ्यात आहे, आणि कदाचित लाजेचे मूळ तिथेच असावे: दुःख कमी झाले तर तो तोराही जाईल.

वाट बदलण्याचे मात्र खरे आहे. पोवई नाक्याहून राजवाड्याकडे जाताना मी हल्ली खालच्या रस्त्यानेच जाते, कारण वरच्या रस्त्याला मोती चौक लागतो आणि तिथल्या पेढेवाल्याला अण्णांची चौकशी करण्याची सवय होती. त्याला कळले आहे की नाही, हेही मला ठाऊक नाही.

औषध सध्या नको, बोलण्याचे उपचार करू, असे ठरले. अवेळी फारच जड झाले तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. शिवाय वरच्या रस्त्याने एकदा जाऊन यायचे, हा गृहपाठ. पुढच्या भेटीपूर्वी एक प्रश्नावली भरायची आहे आणि त्यात "भावना बोथट झाल्या आहेत का?" या प्रश्नापाशी मी अडले आहे. आज सकाळी "आता पुरे" एवढेच धाकटा म्हणाला, तर मी त्याच्यावर अशी बरसले की शेजारच्या काकू दारात आल्या. तेव्हा त्या रकान्यात तूर्त "नाही" असे लिहिले आहे.