गाळायचं ठरलेलं चौथं कडवं

मिरजेतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत वर्षारंभाच्या समर्पण उपासनेला इंग्रज कवयित्री फ्रान्सिस रिडली हॅवरगल हिचं ‘टेक माय लाइफ अँड लेट इट बी’ (देवा, माझं जीवन घे) हे गीत ठरलेलं. पेटी माझ्याकडे. यंदा तालमीतच निरोप आला: वेळ कमी आहे, चौथं-पाचवं कडवं गाळा आणि शेवटच्या कडव्याला दानाची थैली फिरवा.

चौथ्यात सोनं-चांदी आणि बुद्धी, पाचव्यात इच्छा आणि हृदय. म्हणजे हात, पाय, आवाज, ओठ देऊन झाले की गाणाऱ्यानं थेट प्रेमावर उडी मारायची. जड तेवढं नेमकं वगळलेलं! आमच्या लयीत एक कडवं जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. दोन गाळून वाचणार एक मिनिट.

गीताची हकिकत कॉयरमधल्या नव्या पोरांना माहीत नव्हती, ती सांगितली. १८७४ साली हॅवरगल एका घरी पाच दिवस पाहुणी होती. घरात दहा माणसं. काहींचा विश्वासच नव्हता, काहींचा होता पण त्यात आनंद नव्हता. ‘या घरातले सगळे मला दे’ अशी तिची प्रार्थना. ती फळली. ४ फेब्रुवारीच्या रात्री आनंदानं झोप येईना, तेव्हा दोन-दोन ओळींनी हे गीत जुळत गेलं.

‘‘आणि दागिने त्याच रात्री दिले ना, दादा?’’ आल्टोतल्या, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरात गाणाऱ्या, ताईंनी विचारलं.

‘‘नाही ताई, चार वर्षांनी.’’

१८७८ साली तिनं पन्नासेक दागिने, पेटीसकट, चर्च मिशनरी सोसायटीकडे पाठवले. रोज वापरायच्या एक-दोन ब्रोच मात्र ठेवल्या, आईवडिलांची आठवण म्हणून. आणि वारलेल्या भाचीचं चित्र असलेलं लॉकेट. व्यासपीठावरून सांगताना ही ब्रोचची गोष्ट हमखास गळते. मला तीच जास्त खरी वाटते. सोन्या-चांदीची ओळ आधी लिहून झाली, हिशेब नंतर झाला.

‘‘पाळकसाहेब, उपासनेत वाचायच्या सूचनांतली एक कमी करा, कडवी राहू द्या,’’ म्हटलं. ते हसले, सहाही ठेवली.

खरी अडचण चालीची. हॅवरगल स्वतः वडिलांच्या ‘पॅटमॉस’ चालीवर गायची. आमच्याकडे सेझार मलाँची ‘हेंडन’. तिच्यात चौथी ओळ दोनदा येते. पहिल्या वेळी लय ढिली केली की लोकांना कडवं संपलं असं वाटतं, श्वास सोडतात, आणि पुढची ओळ एकटी पेटीच म्हणते. म्हणून तिथं भाता भरलेला ठेवायचा, डावा हात उचलायचा नाही, थांबायचं दुसऱ्या वेळीच. पुस्तकातली पट्टी एफ मेजर, म्हणजे पांढरी चार. पुरुषांना चढते, म्हणून पांढरी तीन घेतली. चार काळ्या सांभाळाव्या लागतात एवढंच.

थैलीही गीतानंतर ठेवायला सांगितली. पाकीट शोधणारा माणूस गात नाही.