मालडब्याच्या दाराखालचा ओघळ

मी ठाण्यात चरईत राहते आणि मॉडेल ट्रेन रंगवायचं काम करते. लोक इंजिनं, डबे आणून देतात, मी जुना रंग उतरवते, नवा चढवते आणि मग ती गाडी खरोखर धावलेली दिसेल अशी मळवते, त्याला वेदरिंग म्हणतात. वर्षातून दोन-तीनदा आमचा लेआउट, म्हणजे रूळ आणि आजूबाजूचा छोटा देखावा, घेऊन प्रदर्शनाला जाते. गेल्या सप्टेंबरात गणपती झाल्यावर नौपाड्यात एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, त्यातल्या रविवारबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

गाडी होती ऐरोलीच्या एका काकांची. जुनी तपकिरी-पिवळी लोकल, तीन डबे, एचओ स्केल म्हणजे खऱ्याचा ८७ वा भाग. लोकलचा डबा साधारण २१ मीटरचा, तो इथे २४ सेंटीमीटर होतो, त्यामुळे १२ डब्यांची अख्खी गाडी करायची तर जवळपास तीन मीटर लागतात आणि तेवढी जागा कुणाच्या घरात नसते. म्हणून तीनच, मधे पेंटोग्राफवाला (टपावरच्या तारेतून वीज घेणारा) मोटर कोच आणि दोन बाजूंना दोन डबे. काकांनी ३४ वर्षं ठाणे ते व्हीटी (आताचं सीएसएमटी) अपडाउन केलं, बँकेत होते. थ्रीडी प्रिंट केलेल्या बॉडी माझ्यासमोर ठेवून एवढंच म्हणाले, "मला शोकेसमधली नको गं, माझी रोजची पाहिजे."

असं सांगणारं गिऱ्हाईक मिळालं की मला फार बरं वाटतं, कारण बहुतेकांना चकचकीत पाहिजे असते आणि वेदरिंग म्हटलं की त्यांना वाटतं मी चांगल्या वस्तूवर घाण टाकणार. तसं नसतं हो. गाडीवरचा प्रत्येक डाग कुठून तरी आलेला असतो. टपावर पेंटोग्राफच्या पट्टीची काळी धूळ बसते, ती पेंटोच्या आसपास दाट आणि पुढेमागे विरळ होत जाते. ब्रेकची तांबूस धूळ चाकांपासून वर उडते, म्हणून डबा खालून मळतो, वरून नाही. दाराच्या कडेला जिथे लटकणाऱ्यांचे हात लागतात तिथला रंग जाऊन आतला पत्रा चकाकतो. हे सगळं मी केलं होतं. आधी हलका प्रायमर, त्यावर पिवळा, कारण पिवळा गडद रंगावर कधीच नीट झाकत नाही, मग टेप लावून टेपच्या कडेवर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, एक हात म्हणजे खालून रंग घुसत नाही, आणि मग तपकिरी, दुधासारखा पातळ करून. दाराशेजारचे तिरके पट्टे, आकडे सगळं डेकलने, म्हणजे चिकटवायच्या छापील चित्रांनी.

आणि प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी घात झाला. परतीचा पाऊस कोसळत होता, हवा नुसती ओली, आणि मी घाईत गॅलरीत कॅनमधला मॅट क्लिअर मारला. दहा मिनिटांत अख्खी गाडी पांढुरकी, धुकं धरल्यासारखी, पिवळा तर ताकासारखा दिसायला लागला. ओल्या हवेत स्प्रे केलं की असं होतं हे मला पक्कं माहीत आहे, तरी मारला. रात्रभर झोप नाही. सकाळी बेडरूमचा एसी ड्राय मोडवर लावून दोन तास खोली कोरडी केली, एअरब्रशने ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत क्लिअरचा, अगदी पातळ हात दिला आणि ते धुकं डोळ्यांदेखत विरघळलं. मग त्याच खोलीत परत मॅट. रंग वाचला. पण वेदरिंगचं उरलेलं काम शनिवारी पहाटेपर्यंत बसून संपवलं आणि तशीच भाच्याला घेऊन टेम्पोत बसले.

आमचा लेआउट म्हणजे कळव्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर. चार बाय दीड फुटाचे पाच तुकडे, सी क्लॅम्पने जोडायचे. पारसिकचा बोगदा १९१६ चा, १.३ किलोमीटर लांब, स्केलने केला तर १५ मीटर होईल, आम्ही दीड फुटात बसवलाय. खारफुटी भांडी घासायच्या काथ्याची आणि तांब्याच्या तारेची. जाणकार लोक रुळांवरून हटकून बोलतात, कारण आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, एचओमध्ये तो १९ च्या वर यायला हवा आणि बाजारात मिळणारा रूळ १६.५ चा, त्यामुळे डबा थोडा अरुंद पायांवर उभा वाटतो. ते मला मान्य आहे. ठाणेकर मात्र १८५३ च्या देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीवर येतातच. १६ एप्रिल, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, साहिब, सुलतान आणि सिंध ही तीन इंजिनं, हे सगळं आजोबा मंडळी नातवंडांना आमच्या टेबलापाशी उभं राहून सांगतात आणि मला ते ऐकायला दर वेळी आवडतं.

रविवारी दुपारी गर्दी जरा ओसरली होती. मी आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) बोळा घेऊन रूळ पुसत होते, हॉलच्या धुळीने तासाभरात चाकं करंट घ्यायची थांबतात. तेवढ्यात एक मावशी नातीला घेऊन आल्या. सत्तरीच्या पुढच्या, केसात अबोलीचा गजरा. गाडी समोर थांबली तशा वाकल्या आणि बोट न लावता विचारलं, "ह्यो मालडबा हाय ना गो?"

म्हटलं हो मावशी, तो कप्पा सामानाचाच.

"मंग एवढा सोच्छ कसा?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, मळवलाय की, ही बघा खाली धूळ. त्या म्हणाल्या, "ती सगल्या डब्यांना हाय. मालडब्याचं काय येगलं केलंस?" आणि मी बघितलं तर खरंच काही वेगळं नव्हतं. लेडीज डब्याचं दार मी जीव ओतून केलं होतं, आतल्या पार्टिशनवर सुईच्या टोकाने लाल ठिपके दिलेत, बायका टिकल्या चिकटवतात ना त्या. कारण मी जन्मभर त्या डब्यात बसलेय. काकांनी दिलेले फोटो सगळे जेन्ट्सचे. मालडब्यात आम्ही दोघंही कधी चढलोच नव्हतो, आणि फलाटावर तो समोर आला की मी दोन पावलं बाजूला सरकायचे.

मावशी चेंदणी कोळीवाड्यातल्या. तीस वर्षं रोज पहाटेच्या पहिल्या गाडीने जायच्या, भाऊच्या धक्क्यावर माल घ्यायच्या आणि मशीद स्टेशनला गाडी पकडून ठाण्याला परत. त्यांनी सांगितलं ते मी तिथेच पावतीच्या मागे लिहून घेतलं. पाट्या (मासळीच्या टोपल्या) दाराशी लावायच्या, म्हणजे उतरताना ओढता येतात. बर्फ वितळून म्हावऱ्याचं पाणी उंबऱ्यावरून बाहेर यायचं. गाडी उभी असली की सरळ खाली, धावायला लागली की वाऱ्याने मागे. पाट्या ओढून ओढून उंबऱ्याची कड रुपयासारखी चकचकीत, आणि तिच्या लगेच खाली सगळा गंज.

मी विचारलं, मागे म्हणजे दोन्हीकडे ना मावशी, कारण लोकल दोन्ही दिशांना जाते.

"नाय गो बाय. जाताना पाट्या रिकाम्या. पानी फकस्त ठाण्याला येतानाच."

मी हातातला बोळा खाली ठेवला. लोकलचा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी, फिरवत नाहीत, व्हीटीकडचं टोक कायम व्हीटीकडेच राहतं. म्हणजे ठाण्याकडे येताना मागे गेलेला ओघळ कायम व्हीटीच्याच बाजूला झुकणार, त्या बाईने वाहिलेल्या मालाची दिशा पत्र्यावर लिहिलेली असणार, आणि हे माझ्या एकाही रेफरन्स फोटोत नव्हतं.

पण गाडी माझी नाही, गिऱ्हाइकाची. काकांना फोन लावला. ते घाबरले, दोन दिवसांपूर्वीचं धुक्याचं प्रकरण मी त्यांना सांगितलं होतं, म्हणाले काही करू नको, मी येतो. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने अर्ध्या तासात आले. मावशी निघणार होत्या, मीच खुर्ची दिली, चहा मागवला, भाच्याने नातीच्या हातात कंट्रोलर दिला म्हणून ती काही हलणार नव्हती.

काका मॉडेलकडे बघत म्हणाले, "मालडब्याचं मला एकच आठवतं, वास. मी रुमाल लावून पुढे जायचो." मावशींनी मान हलवली, "सगलीच लावायची." राग नव्हता त्यात, पण काका गप्प झाले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, तुम्ही कितीच्या गाडीने परत यायचात, आणि मग वेळ जुळवून बघितल्यावर कळलं की काका फलाटावर व्हीटीच्या गाडीची वाट बघायचे तेव्हा समोरच्या फलाटावर मावशी पाट्या उतरवत असायच्या. वर्षानुवर्षं.

"लाव," काका मला म्हणाले. मी सांगितलं, ऑइल कलरने करते, नाही पटलं तर दहा मिनिटांत टर्पेंटाइनने पुसून देईन.

तीन झिरोचा, अगदी बारीक ब्रश घेतला. उंबऱ्याखाली बर्न्ट अंबरचे पाच ठिपके, टाचणीच्या डोक्याहून लहान. मग टर्पेंटाइनमध्ये बुडवून कागदावर जवळपास कोरडा केलेला चपटा ब्रश, ठिपक्यावरून सरळ खाली ओढला आणि शेवटी मनगट किंचित व्हीटीकडे वळवलं. एक शेपूट आली. मावशी म्हणाल्या, "अजून लांब." दुसऱ्याला लांब केली. दोन ओघळांच्या मधे करडट पांढरा, अगदी नसल्यासारखा, खारं पाणी वाळल्यावर राहतो तो. उंबऱ्याच्या कडेवर ६बी पेन्सिल आडवी धरून घासली तर शिशाने कड लोखंडासारखी चमकली. एकेका दाराला फार तर दहा मिनिटं लागली असतील, पण भोवती माणसं जमली होती आणि कुणी बोलत नव्हतं.

वेळ असता तर मी गंजासाठी मीठ वापरलं असतं. गंजाचा रंग आधी द्यायचा, पृष्ठभाग ओला करून स्वयंपाकाचं मीठ भुरभुरायचं, वाळलं की वरचा रंग मारायचा आणि मीठ ब्रशने झाडून टाकायचं, खालून गंजाचे कुरतडलेले तुकडे उघडे पडतात. आता पुढच्या मालडब्याला तेच करणार आहे, खऱ्या डब्याला मिठानेच खाल्लं होतं.

गाडी परत रुळावर ठेवली. १५०० व्होल्ट डीसीवर मुंबईत पहिली विजेची गाडी १९२५ मध्ये धावली आणि २०१६ मध्ये हार्बरवरची डीसी बंद झाली तेव्हा ते पर्वच संपलं, त्या काळातली ही लोकल नातीच्या हातातल्या कंट्रोलरवर बोगद्यातून बाहेर आली आणि खाडीवरून आमच्याकडे यायला लागली. मावशी गाडीच्या बरोबर चार पावलं चालल्या. मग नातीला म्हणाल्या, "हितं बसायची मी," आणि दाराच्या आतला डावा कोपरा दाखवला.

ऑइल सुकायला आठवडा लागला, मग कोरड्या खोलीत, एसी लावून, शेवटचा मॅट. काका घेऊन गेले. त्याच रात्री साडेदहाला त्यांचा फोन, शोकेसचं दार उघडं ठेवून बोलत होते बहुतेक, "अगं, व्हीटीचं टोक कुठलं? उलटी ठेवली तर पाणी चुकीच्या बाजूला जाईल." मी म्हटलं काका, डबा उलटा करून खाली बघा, चाकाजवळ पिवळा ठिपका दिलाय, ते व्हीटी.